नऊ कानांची झारी

एके काळी आमच्या घरात एक्क्याऐंशी कान होते आणि त्यांतला एकही माझं ऐकत नव्हता. (माणसांचे सहा यात धरलेले नाहीत. त्यांतले दोन माझे स्वतःचे होते, आणि तेसुद्धा मोक्याच्या वेळी ऐकत नसत.) भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात. आमच्याकडे ते झाऱ्यांना होते. नऊ झाऱ्या, आणि दर झारीला नऊ कान! आणि हे सगळं माझ्या एका चित्रातून निघालेलं होतं.

गोष्ट वडवणीची, निजामाच्या राजवटीतली. आठवडी बाजाराच्या तोंडाशी आमचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. घरात आम्ही तिघं. एक आप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता, महादेव आणि तराजू. दुसरी काशीआत्या, आप्पांची थोरली बहीण. लहानपणीच नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली. पुढे मी रांगत असतानाच माझी माय गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते आत्याने. आणि तिसरा मी, शिवा. वय वीस, काम दुकानात बसण्याचं, आणि खरा उद्योग चित्रं काढण्याचा.

चित्रं म्हणजे देवादिकांची नव्हेत. मला रोजच्या वस्तूंची चित्रं काढायचा नाद होता. समोर तांब्या दिसला की मनात यायचं, हा असाच कावून, म्हणजे का? याला पाय कावून नाहीत? लाटणं गोलच कावून? लहानपणी हे सगळं मी मोठ्याने विचारायचो, म्हणून गावाने माझं नाव 'कावून्या' पाडलं. मोठेपणी तोंड थोडं बंद झालं आणि हात सुरू झाला. पुड्या बांधायच्या कागदावर, पोत्यांवर, दुकानाच्या भिंतीवर मी कोळशाने वस्तू काढत बसायचो. आहेत तशा नव्हे, तर माझ्या मते असायला हव्यात तशा. गिऱ्हाईक हळद घेऊन घरी जाई, पुडी सोडी, आणि कागदावर चाकं लावलेला पाटा-वरवंटा निघे. पुढच्या बाजाराला ते गिऱ्हाईक आप्पांना विचारी, पोराची तब्येत बरी हाय ना?

त्यांतल्या काही वस्तू मी सुताराच्या हातापाया पडून प्रत्यक्षात आणल्या होत्या. उदाहरणार्थ, पाठीचा पाट. जेवताना माणसाला टेकायला मिळावं म्हणून मी पाटाला मागून एक फळी बसवून घेतली. आप्पांना तो पाट इतका मानवला की पहिल्याच दिवशी भाकरीचा घास हातात धरून ते झोपी गेले, आणि ऐन बाजाराच्या दिवशी दुकान दुपारपर्यंत बंद राहिलं. पाट चुलीत गेला. मग आली दोन दांड्यांची पळी. पंगतीत दोघांनी मिळून वाढलं तर काम लवकर उरकेल, असा माझा शुद्ध विचार होता. प्रत्यक्षात दोघांनी दोन दांडे धरले, दोघांच्या मनात वेगवेगळी पानं होती, आणि वरण तिसऱ्याच्या पागोट्यावर पडलं. पागोटं नेमकं नवरदेवाच्या मामाचं होतं.

आप्पा म्हणायचे, "याच्या डोस्क्यात देवानं भुसा भरला असता, तर बैलाला तरी घातला असता."

आत्या मात्र कायम माझ्या बाजूची. चुलीपुढून न वळता ती सांगायची, "इचारतंय तर इचारू द्या की त्याला. न इचारणारे लई हायेत गावात."

त्या हिवाळ्यात आत्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या उजव्या हातातली ताकद घेऊन गेला. हात होता जागेवरच, पण सारखा थरथरायचा. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हाताने त्यावर पाण्याची धार धरायची, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात अन्न घालायचं, हा आत्याचा नेम. तो जन्मात चुकला नव्हता. आता तांब्या उचलला की हात हाले, आणि पाणी लिंग सोडून लुगड्यावर, पाटावर, मागच्या भिंतीवर जाई. ती पुन्हा तांब्या भरी, पुन्हा उचली. धार नीट पडली असं तिच्या मनाला पटेपर्यंत ती पाटावरून उठत नसे. दिवस डोक्यावर येई, कलून जाई, चुलीपाशी तिची भाकरी वाळून कडक होई. महिन्याभरात आत्या निम्मी झाली.

मी धार धरतो, असं मी तिला किती वेळा म्हणालो. आमच्या जंगमस्वामींनीही सांगितलं की आजारपणात चालतं, पोराला घालू दे पाणी. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"तू घातलंस तर ते तुजं पानी झालं," ती मला म्हणाली. "माजं कसं व्हईल?"

मी दुकानात येऊन बसलो. मला रडू येत होतं. ज्या हाताने मला घास भरवले तो हात आता तिच्या स्वतःच्या तोंडापर्यंत नीट पोचत नव्हता, आणि मी भिंतीवर काय काढून ठेवलं होतं, तर चाकांचा पाटा! मी कोळसा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाची वस्तू काढायची ठरवली.

झारी! हलकी, पत्र्याची, लहानशा पोटाची. तोटी बारीक, म्हणजे पाणी भसकन पडणार नाही. आणि कान एवढा रुंद की आत्याचा आख्खा पंजा त्यात जाईल, मग बोटांत ताकद असो नसो. आधी पत्र्याचा नमुना करायचा, जमला तर तांबटाकडून तांब्याची करून घ्यायची. तीन दिवसांत मी पुड्यांचे इतके कागद वाया घालवले की आप्पा गिऱ्हाइकांना मीठ उपरण्यात बांधून देऊ लागले.

झारी करणार होते हमीदचाचा. ते वेशीजवळच्या लिंबाखाली बसून घासलेटचे रिकामे डबे कापायचे आणि त्यांच्या चिमण्या, चाळण्या, नरसाळी करायचे. हात सोन्यासारखा. मूळचे ते बिदरकडचे, आमच्या गावात येऊन वर्ष झालं नव्हतं. मराठी त्यांना कानाने समजायची, डोळ्यांनी नाही. लिहिणं-वाचणं जे काही होतं ते उर्दूत.

इथे माझी अक्कल उफाळून आली. मी ठरवलं की चित्रावर शब्दच नकोत. चित्र असं काढायचं की ज्याला कुठलीच भाषा येत नाही त्यालाही कळावं. म्हणून तोटीशेजारी मी पसरलेला पंजा काढला, म्हणजे वीत, आणि त्यापुढे लिहिलं '१'. झारीच्या पोटाशी माणसाचा हुबेहूब कान काढला, म्हणजे धरायचा कान, पुढे '१'. आणि कोपऱ्यात एक इवलीशी झारी काढून तिच्यापुढे '१', म्हणजे नग एक. (झाकण काढायला मी विसरलो. माझ्या आयुष्यातला तो एकमेव फायद्याचा विसरभोळेपणा.) कागद हातात धरून मी तासभर त्याच्याकडे बघत होतो. असं वाटलं, हे चित्र आता कुठल्याही मुलखात पाठवावं, झारी बिनचूक होऊन परत येईल.

चाचांनी चष्मा लावला. कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, परत कागद पाहिला.

"बेटा, पक्का?"

"पक्का, चाचा."

"कागज पे है वैसाच?"

"सूतभर इकडचं तिकडं करू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी कशाला बोललो, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात कडा गावी चुलतबहिणीचं लग्न निघालं. दुकान सोडून आप्पांना जाता येईना, म्हणून मला जावं लागलं. निघताना आप्पांना सांगितलं की हमीदचाचा मागतील तेवढे रिकामे डबे त्यांना द्या, आत्याच्या झारीचं काम हाय. आत्याचं काम म्हटल्यावर आप्पांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. मी बैलगाडीत बसलो आणि पंधरा दिवस कड्याच्या लाडवांवर निश्चिंत राहिलो. तिथे भेटेल त्याला मी सांगत होतो की मी एक झारी काढली आहे. लोक 'काढली' म्हणजे चोरली असं समजून माझ्याकडे बघत होते.

परतताना गाडी लिंबागणेशावरून आली. मी उतरलो, गणपतीला नारळ फोडला आणि हात जोडून म्हणालो, देवा, माझ्या झारीकडे लक्ष असू दे. देवाने लक्ष दिलं. फारच दिलं. लोक गणपती करायला जातात आणि मारुती होतो. मी झारी करायला गेलो आणि गणपती झाला.

वडवणीत पोचलो तो बाजाराचा दिवस होता. आमच्या दुकानापुढे ही गर्दी जमलेली. आत्याचं काही बरंवाईट झालं की काय! मी गाडीतून उडी टाकली आणि पळत सुटलो. वाटेत कुणीतरी ओळखीच्याने हाक मारली, "काय बे कावून्या, वरात कोनाची हाय? कर्णे लई लांबलचक आनलेत तुमी!"

गर्दीतून आत घुसलो. आमच्या ओसरीला नऊ झाऱ्या ओळीने टेकवून ठेवल्या होत्या. पोट भोपळ्याएवढं आणि तोटी? तोटी माणसाहून उंच! एकेका झारीला धरायला दोन माणसं लागत होती. वर आणि अंगभर कान. पोटाला कान, तोटीला कान, ऊन पडलं की सगळे चकाकत होते. शेवटच्या झारीला राखेने घासून चाचा जिवाभावाने लकाकी आणत होते. आप्पा एका पोत्यावर बसले होते. त्यांच्या मागे, जिथे कायम रिकाम्या डब्यांची उतरंड असायची, तिथे नुसती भिंत होती. दारात आत्या उभी होती, भिंतीला धरून. पूजा अजून झालेली नव्हती, म्हणजे पोटात अन्न नव्हतं. माझ्याकडे बघून ती हसली. आशेने हसली, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

"चाचा, तोटी केवढी केली तुम्ही," मी कसंबसं म्हणालो.

"कागज पे है उत्तीच."

"पण चित्रात तर बोटभर हाय!"

चाचांनी घासणं थांबवलं आणि माझ्या शिक्षणाची कीव केली. "शेर की तस्वीर टोपी इत्ती रैती, बेटा. तो क्या शेर टोपी इत्ता रैता?"

गर्दी हसली. यात चुकीचं काय, हे मलाही सांगता येईना. मी कानांबद्दल विचारलं. चाचांनी खुलासा केला की सगळे कान काही पोटावर मावले नाहीत. चार पोटावर बसवले, उरलेले पाच सोंडेवर. सोंड! शब्दही त्यांचाच. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि पोलीस चौकीचा जमादार आत आला.

त्याच्या कानावर असं गेलं होतं की एका किराणा दुकानात लांब लांब नळ्या तयार होत आहेत, आणि त्या बंदुकीच्या असाव्यात. त्याचं काही चुकलं नव्हतं. लांबून बघणाऱ्याला मीही तेच सांगितलं असतं. त्याने एका नळीत बोट घालून पाहिलं, वास घेतला, घासलेटचा वास आल्यावर त्याचा संशय दुप्पट झाला. मग त्याने विचारलं की हा माल कुणाच्या हुकमाने झाला. चाचांनी अभिमानाने खिशातून माझा कागद काढून दिला.

जमादार वाचू लागला. आधी पंज्यावर बोट ठेवलं. "बित्ते, नौ." मग कानावर. "कान, नौ." मग कोपऱ्यातल्या झारीवर. "नग, नौ." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नौ ही है ना?"

मी कागदाकडे पाहिलं. आपला मराठी एक आणि उर्दूतला नऊ हे जुळे भाऊ आहेत. तेच गोल डोकं, तीच खाली लोंबणारी शेपटी! आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. मी वस्तानिया शाळेत, म्हणजे तेव्हाच्या मिडलमध्ये, चार वर्षं उर्दू आकड्यांत गणितं केली होती. त्यात नापास झालो होतो, पण केली होती. ज्या भाषेला भाषाच लागत नाही असं चित्र मी काढलं, त्यातले तीन आकडे तेवढे मराठीत लिहून बसलो. (झाकण काढलं असतं, तर तीही नऊ झाली असती.)

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की साहेब, सरकारी नऊला मी एक म्हणतो? तेही पोलिसाला, बाजाराच्या दिवशी, नऊ नळ्यांपुढे उभं राहून? माझी जीभ आपोआप वळली.

"हौ साहेब," मी म्हणालो. "नौ."

मागे आप्पांनी पोत्यावर डोकं टेकवल्याचा आवाज आला.

"इत्ती झारियाँ किसकू?"

"आत्याला."

"कित्ती आत्या है तेरे कू?"

"एक."

जमादाराने दारातल्या आत्याकडे पाहिलं. "हात कित्ते हैं उनकू?"

"दोन," मी म्हणालो. "त्यातला एक चालत न्हाई."

इतकी खरी जबानी त्याला नोकरीत मिळाली नसावी, म्हणूनच ती त्याला पटली नाही. झारी आहे तर पाणी घालून दाखवा, असा हुकूम झाला. एक झारी ओसरीवर आडवी धरली. पोटाकडे मी आणि आप्पा, तोंडाकडे चाचा. दोन तांबे पाणी पोटात ओतलं. तोटीतून काही आलं नाही. आम्ही पोट थोडं उचललं. काही नाही. नऊ विती म्हणजे पाण्याला वाट पुष्कळ होती. जमादार पुढे झाला, तोटीच्या तोंडाला एक डोळा लावला आणि बंदुकीच्या नळीत बघावं तसं आत बघू लागला. नेमकं तेव्हाच आप्पांचा संताप त्यांच्या हातात उतरला आणि त्यांनी झारीचं पोट थेट छातीपर्यंत उचललं.

पाणी आलं. एकदम आलं.

"बंदूक नहीं है," जमादार मिशा पिळत म्हणाला. मिशांतून पाणी ठिबकत होतं. माणूस न्यायी होता. जाताना त्याने एवढंच बजावलं की या वस्तूचं तोंड सरकारी माणसाकडे करून ठेवायचं नाही.

गर्दी पांगली. आप्पा परत पोत्यावर जाऊन बसले. शेवटी म्हणाले, "देवाच्या अंगावर घासलेट घालनार व्हतास तू. नऊ तोंडांनी." आत्या आत गेली, आणि थोड्या वेळाने माजघरातून तांब्या पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा भरल्याचा. मी ओसरीवर बसून तो ऐकत राहिलो. त्या दिवशी ती जेवायला बसली तेव्हा बाजार उठला होता.

नऊ झाऱ्या ठेवायच्या कुठे, हा पुढचा प्रश्न. उभ्या ठेवल्या तर पडत, आडव्या ठेवल्या तर दार बंद होईना. चाचांना त्या मोडवत नव्हत्या. त्यांनीच सुचवलं की कान आहेत तर टांगा. चाचांनी आठवडाभर चिंचेच्या पाण्याने आणि राखेने झाऱ्या आतून घासल्या, वास गेला. मग आम्ही त्या दोरीने टांगल्या. काही दुकानात, काही ओसरीवर. एकीला कुठेच जागा उरली नाही, म्हणून ती माजघरात आढ्याला टांगली. पोटाजवळचा, सोंडेवरचा एक कान हाताला लागला, त्याच्यातच दोरी ओवली. पोट पाण्याने अर्धं भरलेलं होतं, कारण चाचांना अजून वासाची खात्री करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात होतो. आत्याने हाक मारली. हाक मोठी नव्हती, पण मी तागडी तशीच टाकून धावलो.

ती पाटावर बसली होती. टांगलेल्या झारीची सोंड तिच्या डोक्यावरून पुढे येत होती. मध्ये मध्ये करते म्हणून तिने ती बोटाने बाजूला सारली, आणि सोंड खाली झुकली. दुसऱ्या टोकाचं पोट वर गेलं, आणि तोटीतून दोऱ्यासारखी बारीक धार तिच्या मांडीवर पडली. बोट काढलं, धार थांबली. हे तिने मला तोंडाने सांगितलं नाही. परत करून दाखवलं. मग पदराने डोळे पुसले, डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि उजव्या हाताचं एक थरथरणारं बोट तोटीच्या टोकावर ठेवलं.

बोट थरथरत होतं. पण नऊ विती पलीकडे पाण्याने भरलेलं पोट होतं, आणि त्या एवढ्या लांब सोंडेत तिची थरथर जिरून गेली. धार सरळ पडली. थेट लिंगावर. तिच्या हाताने. मी तिथेच दाराशी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मागे आप्पा कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्या दिवशी आत्या सकाळीच जेवली. गरम भाकरी, दूध, आणि वर माझ्या वाट्याची चटणीसुद्धा.

मग आम्ही दोरी एकेका कानात ओवून बघितली. सोंडेवरच्या पाच कानांतला दुसरा कान सगळ्यात नीट तोलत होता. म्हणजे कान पुष्कळ होते म्हणूनच तो सापडला! आप्पांचा तराजूवर आधीच विश्वास होता, त्यामुळे ते एका दिवसात झारीचे भक्त झाले. येईल त्या गिऱ्हाइकाला आत नेऊन दाखवायचे आणि सांगायचे, आमच्या शिवाची अक्कल बगा, नऊ वितीची हाय! ज्या माणसाने माझ्या डोक्यापेक्षा भुसा बरा ठरवला होता, तोच. बाकीच्या झाऱ्यांतल्या काही बागवानांनी रोपांना पाणी घालायला नेल्या. एक मी लिंबागणेशाला नेऊन गणपतीपुढे ठेवली. पुजाऱ्याने विचारलं, हे काय? मी म्हणालो, त्याची सोंड त्याला परत.

पण माझ्या मनात काटा होता. शेवटी मी चाचांकडून गुपचूप दुसरी झारी करून घेतली, माझ्या मूळ चित्राबरहुकूम. तोटी एक वीत, कान एक, नग एक. आकडे बोटांवर मोजून दाखवले. फार देखणी झाली ती. आत्याने कौतुकाने कानात पंजा घातला, उचलली, आणि सगळं पाणी मागच्या भिंतीवर गेलं. माझी अक्कल जशीच्या तशी उतरली असती तर आत्या उपाशीच राहिली असती, हे मला त्या दिवशी स्वच्छ कळलं.

मग मी तिला खरं सांगून टाकलं. आत्या, मी एक लिहिलेलं होतं, चाचांनी नऊ वाचलं, यात माझं काहीच न्हाई. ती वाती वळत होती. (डाव्या हाताने. तेही शिकली होती.)

"एक म्हन न्हाईतर नऊ म्हन," ती म्हणाली. "पानी माज्या हातानं पडतंय न्हवं?"

आत्या पुढे बरीच वर्षं जगली, आणि शेवटच्या सकाळपर्यंत तिचा नेम चुकला नाही. ती झारी माझ्याकडे अजून आहे. पत्रा गंजला, काही कान गळून पडले, पण दुसरा कान शाबूत आहे. आता नातवंडं माझ्या वह्या उलटतात; पाय असलेले तांबे आणि चौकोनी लाटणी बघून पोट धरून हसतात, आणि विचारतात, आजोबा, तुम्ही एवढ्या वस्तू काढल्या, त्यांतल्या कामाला किती आल्या?

मी त्यांना तोंडाने उत्तर देत नाही. पेन्सिल घेतो आणि कागदावर ऐटीत लिहितो, '१'. वाचणाऱ्याने तेवढा उर्दूत वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.